नदीवर नजर ठेवणारे विद्यार्थी

पावसाळ्यात नदीला पूर आला की गावातली माणसे घाटावर किंवा पुलावर गोळा होतात. "पाणी कुठवर आलं?" हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. कोणी देवळाच्या पायऱ्या मोजतो, कोणी पुलाच्या खांबाकडे बोट दाखवतो. सांगलीला कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. पाणी ४५ फुटांवर गेले म्हणजे धोक्याची पातळी ओलांडली, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

पण विद्यार्थी मित्रांनो, पायऱ्या मोजून आपल्याला कळते ते आत्ताचे पाणी. उद्या सकाळी ते कुठे असेल? ते जाणायचे तर नदीच्या वरच्या अंगाला, तिला मिळणाऱ्या प्रत्येक उपनदीत व ओढ्यात पाणी किती चढले आहे, हे समजायला हवे. तेही दिवसा, रात्री, भर पावसात आणि दर थोड्या वेळाने. इतक्या ठिकाणी इतका वेळ माणूस उभा करणार कसा?

या प्रश्नाचे एक साधे, पण मोठे उपयोगी उत्तर अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तयार झाले. त्यामागचे विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे. ते म्हणजे प्रतिध्वनी!

नदीकाठचे विद्यापीठ

आयोवा हे अमेरिकेच्या मध्यभागातील एक राज्य. पूर्वेला मिसिसिपी आणि पश्चिमेला मिसुरी या दोन मोठ्या नद्यांच्या मधे ते वसले आहे. आकाराने ते महाराष्ट्राच्या निम्म्याइतके. मैलोगणती मक्याची आणि सोयाबीनची शेते, त्यांतून वाहणाऱ्या असंख्य लहान नद्या, असा हा मुलूख. येथील आयोवा सिटी या गावात आयोवा विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाच्या आवारातूनच आयोवा नदी वाहते. नदीच्या अगदी काठावर, १९२० च्या सुमारास, वाहत्या पाण्याचा अभ्यास करण्यासाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली. आज तिची गणना जलविज्ञानाच्या जुन्या आणि नामवंत संस्थांत होते.

नदीकाठी राहायचे म्हणजे नदीचा रागही सोसायचा. आयोवा सिटीच्या वर थोड्याच अंतरावर कोरलव्हिल नावाचे धरण आहे. ते १९५८ साली पूर्ण झाले. धरण भरून वाहू लागले तर जादा पाणी जाण्यासाठी त्याला सांडवा ठेवला आहे. पहिली ३५ वर्षे या सांडव्यावरून पाणी कधी गेलेच नाही. मग १९९३ साली मोठा पूर आला आणि पाणी सांडव्यावरून कोसळले. त्या जोराने खालची माती आणि झाडे वाहून गेली व खडक उघडा पडला. त्या खडकात सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्राण्यांचे जीवाश्म सापडले! आजही लोक ते पाहायला जातात. असा पूर पुन्हा आपल्या हयातीत कशाला येतोय, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. पण अवघ्या पंधरा वर्षांनी, २००८ साली, त्याहून मोठा पूर आला.

जून २००८

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ भरपूर पडले होते. वसंत ऋतूही ओला गेला. जमीन पाण्याने इतकी भरली होती की आणखी पाणी पोटात घ्यायला तिच्यात जागाच उरली नव्हती. अशा जमिनीवर मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी मुसळधार पाऊस कोसळला. भिजून चिंब झालेल्या स्पंजावर पाणी ओतले तर काय होईल? ओताल तेवढे सगळे बाहेर! तसेच झाले.

आयोवा सिटीच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर सीडर नदीच्या काठी सीडर रॅपिड्स हे शहर आहे. तेथे नदीची पातळी १२ फुटांवर गेली की पुराला आरंभ झाला असे मानतात. त्याआधीचा सर्वांत मोठा पूर २० फुटांचा होता. तो १८५१ साली आणि पुन्हा १९२९ साली आला होता. १३ जून २००८ रोजी पाणी ३१.१२ फुटांवर पोचले. म्हणजे शंभरावर वर्षांच्या उच्चांकाहून तब्बल ११ फूट अधिक! पाणी चढत असताना अंदाज पुन्हा पुन्हा वाढवावे लागले. नदीतील बेटावर उभी असलेली नगरपालिकेची इमारत पाण्यात गेली. पाच हजारांहून अधिक घरांत पाणी शिरले.

आयोवा सिटीत दोन दिवसांनी नदीने उच्चांक गाठला. पाणी येण्यापूर्वी विद्यापीठातील विद्यार्थी, शिक्षक आणि गावकरी वाळूच्या पिशव्या भरून भिंती रचत होते. मुख्य ग्रंथालयाच्या तळघरातील पुस्तके वाचवण्यासाठी माणसांची साखळी उभी राहिली आणि हातोहात पुस्तके वरच्या मजल्यांवर गेली. एवढे करूनही विद्यापीठाच्या वीसहून अधिक इमारतींत पाणी घुसलेच. ज्या विद्यापीठात पाण्याचा अभ्यास होई, त्याच विद्यापीठाला पाण्याने गाठले!

पूर ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला, पुढच्या वेळी काय? २००९ साली राज्याच्या विधिमंडळाने पैसा मंजूर केला आणि विद्यापीठात 'आयोवा पूर केंद्र' स्थापन झाले. केवळ पुराच्याच अभ्यासाला वाहिलेले असे विद्यापीठातील केंद्र अमेरिकेत पूर्वी नव्हते. विटोल्ड क्रायेव्स्की आणि लॅरी वेबर हे प्राध्यापक त्याच्या उभारणीत अग्रभागी होते. आणि कामाला लागले ते विद्यार्थी.

एका सेंटिमीटरचा हिशेब

पुराचा अंदाज करणे इतके अवघड का, हे आधी पाहू. नदीच्या एखाद्या ठिकाणी ज्या साऱ्या प्रदेशातून पाणी वाहून येते, त्याला त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. सीडर रॅपिड्स येथे सीडर नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे १६,८६० चौरस किलोमीटर आहे. समजा, एवढ्या प्रदेशावर फक्त १ सेंटिमीटर पाणी साठले आणि ते सगळे नदीत आले. ते किती होईल?

१६,८६० चौरस किलोमीटर म्हणजे १६८६ कोटी चौरस मीटर. त्याला ०.०१ मीटरने गुणले की उत्तर येते सुमारे १७ कोटी घनमीटर. पुण्याजवळच्या खडकवासला धरणात सुमारे ५.६ कोटी घनमीटर उपयुक्त पाणी मावते. म्हणजे केवळ एक सेंटिमीटर पाण्यात तीन खडकवासले भरतील! मग पावसाच्या मोजमापात एखाद्या सेंटिमीटरची चूक झाली, तर खालच्या शहराच्या अंदाजात केवढा फरक पडेल, हे ध्यानात येईल.

शिवाय पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. एका ओढ्याच्या खोऱ्यात ढगफुटी होते, तर शेजारच्या खोऱ्यात नुसती भुरभुर असते. मोठ्या नद्यांवर सरकारी मापनकेंद्रे असतात आणि त्यांची मोजमापे अचूक असतात. पण त्यांना खर्च फार, त्यामुळे ती मोजक्याच ठिकाणी असतात. लहान नद्या आणि ओढे मात्र मुकेच राहतात. आणि पुराची पहिली बातमी असते ती नेमकी त्यांच्याचपाशी.

म्हणून हवे होते एक स्वस्त यंत्र. अगदी शंभर टक्के अचूक नसले तरी चालेल, पण शेकडो ठिकाणी लावता येईल, वीज नसलेल्या जागी चालेल आणि आपण होऊन बातमी कळवील असे.

प्रतिध्वनीची मोजपट्टी

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जे यंत्र तयार झाले ते पुलाच्या कठड्याला, पाण्याकडे तोंड करून बसवतात. ते खाली पाण्याकडे ध्वनीचे लहान लहान ठोके सोडते. हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही. कारण त्याची वारंवारता २०,००० हर्ट्‌झहून अधिक असते. अशा ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ अंधारात उडते ते याच ध्वनीच्या आधाराने. ठोका पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो, परततो आणि यंत्र तो परत टिपते. जायला आणि यायला मिळून किती वेळ लागला, तेवढेच काय ते मोजायचे.

समजा, प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत आला. हवेचे तापमान २० अंश सेल्सियस असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो.

जाण्यायेण्याचे एकूण अंतर = ३४३ × ०.०४ = १३.७२ मीटर

पाण्यापर्यंतचे अंतर = १३.७२ ÷ २ = ६.८६ मीटर

आता हे यंत्र समुद्रसपाटीपासून २०० मीटर उंचीवर बसवले आहे असे धरा. मग पाण्याची पातळी झाली २०० − ६.८६ = १९३.१४ मीटर. पाणी जसे चढेल तसा प्रतिध्वनी लवकर परतेल. नदी वर येते तसा वेळ कमी होतो, एवढे लक्षात ठेवले की झाले.

पूल हीच जागा का निवडली? पूल हलत नाही, त्याची उंची एकदा मोजली की पुरे. तो प्रवाहाच्या वर असतो, म्हणून यंत्र पाण्यात बुडवावे लागत नाही. पाण्यात बुडालेले यंत्र ओंडक्याने तुटते, गाळाने भरते. आणि पुलापर्यंत रस्ता तर असतोच, त्यामुळे दुरुस्तीला जाणे सोपे. यंत्राला वीज पुरवतात सूर्यप्रकाशावर चालणारे घट व एक बॅटरी. मोजलेली पातळी मोबाईल फोनच्या जाळ्यातून ठराविक वेळाने केंद्राकडे जाते. रात्री दोन वाजता, विजा कडाडत असतानाही!

हवा तापली की मोजपट्टी ताणते

येथे एक अडचण आहे. चलाख विद्यार्थ्यांच्या ती ध्यानात आली असेल. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे,

ध्वनीचा वेग = ३३१ + (०.६ × तापमान)

समजा, प्रतिध्वनीला ०.०४ सेकंदच लागले. पण एकदा थंडीत, हवा ५ अंशांवर असताना, आणि एकदा कडक उन्हात, ३५ अंशांवर. पहिल्या वेळी वेग ३३४ आणि अंतर ६.६८ मीटर. दुसऱ्या वेळी वेग ३५२ आणि अंतर ७.०४ मीटर. फरक ३६ सेंटिमीटरचा! पूररेषेजवळच्या घराच्या दृष्टीने हा फरक म्हणजे उंबरा कोरडा राहणे आणि चुलीत पाणी जाणे यांतला फरक. म्हणून अशा मोजमापात हवेचे तापमान विचारात घ्यावेच लागते.

दुसरी अडचण पाण्याचीच. पुराचे पाणी आरशासारखे सपाट नसते. लाटा उसळतात, मधूनच झाडाचे खोड वाहत जाते आणि प्रतिध्वनी त्यावरून परततो. म्हणून एकाच मोजमापावर भरवसा ठेवून चालत नाही. अनेक मोजमापे घ्यायची, त्यांतली विसंगत बाजूला काढायची आणि उरलेल्यांवरून पातळी ठरवायची, हा निरीक्षणशास्त्राचा जुना नियम येथेही पाळावा लागतो. प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाच्या वीस आंदोलनांचा वेळ मोजता, एकाच आंदोलनाचा नाही. त्यामागेही हाच विचार आहे.

अशी २५० हून अधिक यंत्रे आज आयोवातील पुलांवर बसवलेली आहेत. एका प्रकल्पातून निघालेली कल्पना राज्यभर पसरली.

पातळी आणि विसर्ग

पातळी कळली, पण तेवढ्याने भागत नाही. खालच्या शहराला हवी असते ती पाण्याची राशी. दर सेकंदाला नदीतून किती घनमीटर पाणी जाते, त्याला विसर्ग म्हणतात. तो काढण्याची रीत सोपी आहे.

विसर्ग = पात्राची रुंदी × पाण्याची खोली × पाण्याचा वेग

समजा, पात्र १०० मीटर रुंद आहे, पाणी ३ मीटर खोल आहे आणि वेग सेकंदाला १ मीटर आहे. विसर्ग झाला ३०० घनमीटर. आता पाणी ६ मीटर खोल झाले. खोल पाणी जलद वाहते, कारण तळाच्या आणि काठांच्या घर्षणाचा अडथळा त्याला त्या मानाने कमी होतो. वेग १.६ मीटर झाला असे धरू. विसर्ग होईल १०० × ६ × १.६ = ९६० घनमीटर. खोली दुप्पट, पण विसर्ग तिपटीहून अधिक! म्हणूनच "पाणी कालच्यापेक्षा थोडेच वर आहे" असे म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे.

प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या पातळ्यांना प्रत्यक्ष विसर्ग मोजून त्यांचा आलेख काढतात. एकदा आलेख तयार झाला की नुसत्या पातळीवरून विसर्ग वाचता येतो. पण पुरात पात्राचा तळ खरवडतो, कधी गाळ साठतो, आणि आलेख जुना होतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. २००८ च्या पुरात सीडर रॅपिड्स येथे विसर्ग सेकंदाला सुमारे ३,९६० घनमीटरवर गेला होता. आपल्याकडे धरणांच्या बातम्यांत 'क्यूसेक' हे माप येते. त्या मापात तो होतो सुमारे १ लाख ४० हजार क्यूसेक.

आकाशातील पाऊस ते दारातले पाणी

पुलावरचे यंत्र नदीत आलेले पाणी सांगते. पण नदीत अजून न आलेल्या पाण्याचे काय? त्याचा शोध घेण्याचे कामही विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी करतात. हवामान रडार पावसाच्या थेंबांवर रेडिओलहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून पाऊस किती पडतो आहे याचा अंदाज बांधते. हाही एक प्रतिध्वनीच, फक्त ध्वनीऐवजी रेडिओलहरींचा. मात्र तो फसवा असू शकतो. थोडे मोठे थेंब आणि पुष्कळ लहान थेंब यांच्याकडून सारख्याच जोराचा संकेत येऊ शकतो, पण पाऊस मात्र सारखा नसतो. म्हणून रडारचा आकडा जमिनीवरील पर्जन्यमापकाशी ताडून पाहावा लागतो. काही ठिकाणी जमिनीतील ओलावाही मोजतात. ओल्या स्पंजाची गोष्ट आठवते ना?

या साऱ्या आकड्यांवरून संगणक हिशेब करतो. कोणत्या उतारावरून किती पाणी कोणत्या ओढ्यात येईल, तो ओढा नदीला केव्हा मिळेल, आणि नदीतून ते पाणी शहरापर्यंत केव्हा पोचेल. समजा, शहराच्या वर १०८ किलोमीटरवरच्या पुलाखाली पाणी झपाट्याने चढू लागले आणि पुराची लाट ताशी ५.४ किलोमीटर वेगाने खाली सरकते आहे. मग शहराच्या हाती २० तास आहेत. वीस तासांत आजारी माणसांना हलवता येते, गुरे सोडवता येतात, कागदपत्रे आणि धान्य वर चढवता येते. पुराच्या विज्ञानाची खरी कमाई म्हणजे हे मिळालेले तास. लहान ओढ्यांवर मात्र असे तास फार थोडे मिळतात आणि तेथे एकेक मिनिट मोलाचे ठरते.

ही सारी माहिती केंद्राने कोणालाही पाहता येईल अशा नकाशावर खुली ठेवली आहे. कारण "पाणी अमुक फुटांवर जाईल" एवढ्याने सामान्य माणसाला बोध होत नाही. "आपल्या गल्लीत पाणी येईल का?" हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून पाण्याच्या कोणत्या पातळीला गावाचा कोणता भाग बुडेल, हे दाखवणारे नकाशेही तयार केले गेले.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय?

पुराच्या बातम्यांत 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे शब्द येतात. त्यांचा अर्थ बहुतेक जण चुकीचा घेतात. आज असा पूर आला म्हणजे पुढची ९९ वर्षे चिंता नको, असा तो अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. फासा टाकताना सहा पडले, म्हणून पुढच्या वेळी सहा पडणार नाही असे थोडेच असते? नदीलाही मागच्या वर्षीची आठवण अशी नसते.

एखादे घर नदीकाठी ३० वर्षे उभे आहे असे धरा. एका वर्षी तो पूर न येण्याची शक्यता ०.९९. तीसही वर्षे न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ ला ०.९९ ने, असे तीसदा घेऊन गुणणे. उत्तर येते सुमारे ०.७४. म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा तरी पूर येण्याची शक्यता शंभरात २६! चार घरांमागे एक घर, म्हणाना. शिवाय हवामान बदलत असेल, शेते आणि रस्ते पाणी जिरू देत नसतील, तर जुन्या आकड्यांवर काढलेली ही शक्यताही बदलते. कोरलव्हिलच्या सांडव्यावरून पंधरा वर्षांत दोनदा पाणी गेले, ते विसरून चालणार नाही.

सन २०१६ ची कसोटी

सप्टेंबर २०१६ मध्ये सीडर नदी पुन्हा चढली. या वेळी सीडर रॅपिड्सला मोठ्या पाण्याची सूचना काही दिवस आधी मिळाली होती. लोकांनी आणि नगरपालिकेने रात्रंदिवस खपून वाळू भरलेल्या तात्पुरत्या भिंती कित्येक किलोमीटर उभारल्या. नदीकाठच्या लोकांना हलवले. २७ सप्टेंबरला पाणी सुमारे २२ फुटांवर पोचले. २००८ खालोखाल हाच मोठा पूर. पण शहराचा बराच भाग कोरडा राहिला. अंदाज प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तच होता, पण अशा बाबतीत तयारी वाया जाणे हे घर वाहून जाण्यापेक्षा बरे!

या यशाचे श्रेय केवळ यंत्रांना देता येणार नाही. इशारा ऐकणारी आणि त्याप्रमाणे वागणारी माणसे नसतील, तर सर्वोत्तम मोजमापही कागदावरच राहते. भिंत रचली ती माणसांनीच. मोजमापाने त्यांना भिंत रचायला वेळ दिला.

पाण्याची दुसरी बाजू

पाण्याचा अभ्यास म्हणजे नुसता पुराचा अभ्यास नव्हे. आयोवातील शेतांत नत्रयुक्त खते भरपूर वापरतात. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात विरघळते आणि नदीत उतरते. २०१२ साली तेथे दुष्काळ पडला. पिके वाढली नाहीत, त्यामुळे खत जमिनीतच राहिले. २०१३ च्या ओल्या वसंतात ते वाहून नद्यांत आले आणि डे मॉइन शहराला पाणी पुरवणाऱ्या नद्यांत नायट्रेटचे प्रमाण विक्रमी झाले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेटमधील नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. म्हणून विद्यापीठातील संशोधक नद्यांत नायट्रेट मोजणारी यंत्रेही बसवतात. दुष्काळ, पूर आणि पिण्याचे पाणी ही तीन प्रकरणे पुस्तकात वेगवेगळी असतात, नदीत मात्र ती एकत्रच वाहतात.

उपायांचाही अभ्यास चालतो. दक्षिण आयोवातील सोप क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात शंभराहून अधिक लहान तळी बांधलेली आहेत. पाऊस आला की प्रत्येक तळे थोडे पाणी अडवते आणि हळूहळू सोडते. एकूण पाणी तेवढेच जाते, पण एकदम न जाता सावकाश जाते, म्हणून पुराचा माथा खाली येतो. आपल्याकडच्या शेततळ्यांचे आणि नालाबांधांचे हे भाईबंदच म्हणायचे.

तुम्ही काय करू शकाल?

पुलाखालच्या त्या यंत्रामागचे तत्त्व तुम्हाला शाळेच्या मैदानावर पडताळून पाहता येईल. एखाद्या मोठ्या, उंच भिंतीसमोर बरोबर ६० मीटर अंतरावर उभे राहा. टाळी वाजवा आणि प्रतिध्वनी ऐका. आता अशा लयीत टाळ्या वाजवा की प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध ऐकू येईल. लय साधली की मित्राला घड्याळ लावायला सांगा. पहिल्या टाळीला 'शून्य' म्हणून सुरुवात करा आणि 'वीस' म्हणेपर्यंतचा वेळ मोजा. दोन टाळ्यांमधल्या वेळात ध्वनी भिंतीपर्यंत दोनदा जाऊन आला असता. म्हणजे २४० मीटर. वीस वेळा मिळून ४,८०० मीटर. याला मोजलेल्या वेळाने भागा. वेळ १४ सेकंदांच्या आसपास आला तर प्रयोग चांगला जमला असे समजा. हाच प्रयोग थंडीच्या सकाळी आणि उन्हाळ्याच्या दुपारी करून फरक दिसतो का, ते पाहा. फरक लहान असल्याने अनेकदा मोजून सरासरी घ्यावी लागेल.

शिक्षकांच्या मदतीने गावातल्या ओढ्यावरील पुलाच्या खांबावर उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना, दर १० सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करता येतील. त्यासाठी आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्या. पावसाळ्यात रोज ठराविक वेळी, लांबूनच, पातळी वाचा आणि शेजारच्या रकान्यात शाळेच्या पर्जन्यमापकातला पाऊस लिहा. पाऊस पडल्यावर पाणी किती तासांनी चढते? जूनमधल्या पावसाने जितके चढते तितकेच ऑगस्टमधल्या पावसाने चढते का? दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी गावाला उपयोगी पडतील. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. पाणी चढत असताना पात्रात उतरू नका आणि पाण्याखाली गेलेल्या पुलावर पाऊल ठेवू नका. आयोवातील विद्यार्थ्यांनी यंत्र पुलावर टांगले ते याचसाठी, की माणसाला पुराच्या तोंडी जावे लागू नये.

सोडवून पाहा

१. पुलावरील यंत्र समुद्रसपाटीपासून २१० मीटर उंचीवर आहे. हवेचे तापमान १० अंश असताना प्रतिध्वनी ०.०५ सेकंदात परत आला. पाण्याची पातळी किती?

२. एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५० चौरस किलोमीटर आहे. त्यावरून २ सेंटिमीटर पाणी वाहून आले, तर ते किती घनमीटर?

३. 'पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर' येत्या १० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता किती?

(उत्तरे : १. सुमारे २०१.५८ मीटर. २. १० लाख घनमीटर. ३. शंभरात सुमारे १८.)